पायथनचं व्हर्जन आणि लायब्ररी जुळत नसतील तेव्हा काय करायचं

भाचीने रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. काळी स्क्रीन, वरपासून खालपर्यंत लाल अक्षरं, आणि खाली तिचा प्रश्न: "मामा, माझा लॅपटॉपच खराब झालाय का?"

लॅपटॉप ठणठणीत होता. तिने दोन वर्षं पुढे असलेल्या सीनियरकडून प्रोजेक्टचा कोड घेतला होता, त्यातली रिक्वायरमेंट्सची फाइल (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींची, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची यादी) पिपला, म्हणजे लायब्ररी उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामला, दिली होती आणि पिपने नकार दिला होता. संध्याकाळपासून तिने तीनदा पायथन काढून परत टाकलं होतं. मग वर्गातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून कित्येक जीबींची बिल्ड टूल्स (मूळ कोडपासून प्रोग्राम तयार करायची साधनं) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायला लावली होती. यातलं काहीच करायची गरज नव्हती. तिच्याकडे पायथन ३.१३ होतं आणि सीनियरचा कोड २०२२ च्या शेवटचा होता, इतकाच प्रश्न होता.

हा घोळ नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि बरेच जण इथेच "आपल्याला हे जमणार नाही" असं ठरवून मोकळे होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यात हुशारीचा प्रश्नच नसतो. एक गोष्ट नीट समजली की बाकीचं अर्ध्या तासाचं काम आहे. ती गोष्ट अशी: कोणतं पायथन वापरायचं हे लायब्ररी ठरवते. आपल्या लॅपटॉपवर जे आहे त्यात लायब्ररी कोंबायला गेलं की भांडण सुरू होतं.

सुरुवातीला एक सूचना. कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच. उदाहरणं विंडोजची आहेत, कारण बहुतेकांकडे तेच असतं. लिनक्स आणि मॅकचं पुढे थोडक्यात येईलच.

आधी बघा, आपण कोणत्या पायथनशी बोलतोय

टर्मिनल उघडा आणि "पायथन --व्हर्जन" टाइप करा. मग "पिप --व्हर्जन". दुसऱ्या कमांडच्या उत्तरात पिप कोणत्या फोल्डरमधून चालतोय ते दिसतं आणि शेवटी कंसात पायथनचा आकडा असतो. हे दोन आकडे वेगळे निघाले तर अर्धा उलगडा तिथेच झाला: लायब्ररी एका पायथनमध्ये जातेय आणि प्रोग्राम मात्र दुसऱ्याच पायथनवर चालतोय. म्हणूनच नुसतं "पिप इन्स्टॉल" लिहिण्याऐवजी "पायथन -एम पिप इन्स्टॉल" लिहायची सवय लावून घ्या. त्याने पिप कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही.

विंडोजवर "पाय --लिस्ट" टाइप केलं (पी आणि वाय, दोनच अक्षरं) की मशीनवर असलेली सगळी पायथन दिसतात. एकाहून जास्त असतील तर घाबरू नका. एका मशीनवर चार पायथन सुखाने नांदतात, आणि पुढे आपण तेच करणार आहोत.

आणखी एक बघून ठेवा. नुसतं "पायथन" टाइप केल्यावर जी पहिली ओळ येते तिच्यात ६४ बिट की ३२ बिट ते लिहिलेलं असतं. ३२ निघालं तर आधी ६४ बिटचं पायथन टाका. बऱ्याच मोठ्या लायब्ररी आता ३२ बिटसाठी तयार फाइल देतच नाहीत.

एरर वरून वाचा

लाल अक्षरांची शेवटची ओळ कॉपी करून शोधायची, ही सगळ्यांची सवय. पण पिपच्या बाबतीत शेवटची ओळ बहुधा "काम झालं नाही" एवढंच सांगते. कारण वर कुठेतरी असतं. साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा: "कुड नॉट फाइंड अ व्हर्जन दॅट सॅटिस्फाइज द रिक्वायरमेंट". पुढे कंसात "फ्रॉम व्हर्जन्स" असं लिहून आकड्यांची यादी असते. ही यादी नीट वाचा. त्या लायब्ररीची जगात जेवढी व्हर्जन निघाली ती सगळी यात नसतात, तुमच्या पायथनला चालतील तेवढीच असतात. भाचीला टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगची लायब्ररी) २.१० हवं होतं आणि कंसात २.२० पासून पुढचंच दिसत होतं. म्हणजे पिप सांगत होता की तुझ्या पायथनसाठी २.१० कधी निघालंच नाही. कंसात "नन" असेल तर तुमच्या पायथनसाठी काहीच उपलब्ध नाही, किंवा लायब्ररीच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, किंवा नेट चालू नाही. स्पेलिंग आणि नेट आधी तपासा, दोन मिनिटं लागतात.

याच एररच्या आसपास कधी कधी एक लांबलचक ओळ येते: "इग्नोअर्ड द फॉलोइंग व्हर्जन्स दॅट रिक्वायर अ डिफरंट पायथन व्हर्जन". सुरुवातीला "एरर" असा शब्द असतो म्हणून सगळे तिथेच अडकतात. ती फक्त माहिती आहे: अमुक व्हर्जन मी बाजूला ठेवली, कारण ती वेगळं पायथन मागतात. खरं कारण तिच्या खालीवर शोधा.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी. पिप फाइल उतरवतो, काम चालू झाल्यासारखं वाटतं आणि दोन मिनिटांनी पडद्यावर पानंच्या पानं येतात. त्यात कुठे "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड" असतं, कुठे "पीकेजी-यूटिल हॅज नो ॲट्रिब्यूट इम्प-इम्पोर्टर" असतं. इथेच लोक बिल्ड टूल्स उतरवायला लागतात. थांबा. हे का होतं ते कळलं की ती उतरवायची का नाहीत तेही कळेल.

नमपायसारख्या (आकडेमोडीच्या) लायब्ररीचा मोठा भाग सी भाषेत लिहिलेला असतो. तो आधी कंपाइल करावा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवावा लागतो, आणि एका पायथनसाठी कंपाइल केलेला भाग दुसऱ्या पायथनमध्ये सहसा चालत नाही. म्हणून लायब्ररी बनवणारे लोक प्रत्येक पायथनसाठी आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी तयार फाइल बनवून ठेवतात. तिला व्हील म्हणतात. तुमच्या पायथनसाठी व्हील नसेल तर पिप मूळ कोडची टार-जीझेड फाइल उतरवतो आणि तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला बसतो. नमपाय १.२३.५ नोव्हेंबर २०२२ मधलं. "पायथन ३.८ किंवा पुढचं" एवढीच त्याची अट. वरची मर्यादा लिहिलेलीच नाही, कारण पुढे काय येणार हे तेव्हा कुणाला माहीत असणार? त्यामुळे पिपला ३.१३ सुद्धा चालेलसं वाटतं. व्हील सापडत नाही, मग तो कंपाइल करू पाहतो, त्यासाठी त्या काळातलं सेटअपटूल्स (लायब्ररी बांधायचं साधन) आणतो, आणि ते जुनं सेटअपटूल्स पायथन ३.१२ मध्ये काढून टाकलेल्या गोष्टी मागतं. इम्प-इम्पोर्टरचा एरर येतो तो असा. तुम्ही कितीही जीबींचा कंपायलर टाकलात तरी हे सुटणार नाही.

तिसरी तऱ्हा: इन्स्टॉल छान होतं, पण इम्पोर्ट करताना मोडतं. तिच्याकडे नंतर येऊ.

फाइलच्या नावातच उत्तर असतं

पायपीआयच्या साइटवर, म्हणजे पिप जिथून लायब्ररी आणतो तिथे, लायब्ररीचं पान उघडा. डावीकडे "रिलीज हिस्टरी" वर क्लिक करून तुम्हाला हवं ते व्हर्जन निवडा. हे विसरलात तर सगळ्यात नव्या व्हर्जनची माहिती वाचत बसाल. मग "डाउनलोड फाइल्स" उघडा. तिथे अशी नावं दिसतील:

नमपाय-१.२३.५-सीपी३१०-सीपी३१०-विन_एएमडी६४.डब्ल्यूएचएल

डावीकडून वाचत चला. लायब्ररीचं नाव, मग तिचं व्हर्जन. सीपी३१० म्हणजे पायथन ३.१०, सीपी म्हणजे सीपायथन, आपण सगळे नेहमी वापरतो ते. शेवटी ६४ बिट विंडोज. लिनक्ससाठी तिथे मेनीलिनक्स असतं, मॅकसाठी मॅकओएसएक्स. इंटेलच्या प्रोसेसरवालेही विचारतात, एएमडी६४ आपल्याला चालतं का? चालतं. ते ६४ बिटच्या पद्धतीचं नाव आहे.

या यादीत सीपी३८ पासून सीपी३११ पर्यंत नावं दिसतात आणि तिथे ती संपतात. सीपी३१३ नाही. झालं, निदान झालं.

दोन नावं वेगळी दिसतील. "पीवाय३-नन-एनी" असेल तर ती लायब्ररी निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली आहे, कंपाइलचा प्रश्नच नाही. आणि "एबीआय३" असेल, जसं ओपनसीव्ही या फोटो-व्हिडिओवर काम करणाऱ्या लायब्ररीच्या फाइलवर "सीपी३७-एबीआय३" असतं, तर ती ३.७ आणि त्यापुढच्या पायथनवर चालावी अशी बनवलेली आहे.

काही लायब्ररी मात्र व्हील देतच नाहीत. चेहरा ओळखून हजेरी लावायचा प्रोजेक्ट आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी करतंच, आणि त्यात डीलिब लागते. पायपीआयवर तिचा फक्त मूळ कोड मिळतो. तिथे सीमेक (मूळ कोड बांधायचं साधन) आणि सी++ चा कंपायलर खरोखर लागतो, पायथन कोणतंही असो. बिल्ड टूल्स उतरवायची वेळ ती.

सगळ्यांना चालेल असं एक पायथन काढा

आता कागद घ्या. खरंच घ्या, याला दोन मिनिटं लागतात आणि रात्र वाचते. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमधल्या प्रत्येक मोठ्या लायब्ररीसमोर ती कोणत्या पायथनपासून कोणत्या पायथनपर्यंत चालते ते लिहा. भाचीचं असं निघालं:

टेन्सरफ्लो २.१०: ३.७ ते ३.१०
नमपाय १.२३.५: ३.८ ते ३.११
पांडाज १.५.३: ३.८ ते ३.११
ओपनसीव्ही: फाइलमध्ये व्हर्जनचा आकडा दिलेला नाही

सगळ्यांत समाईक काय? ३.८, ३.९, ३.१०. यातलं सगळ्यात वरचं घ्यायचं, म्हणजे ३.१०. जितकं नवं तितकी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत जास्त. पायथनचं प्रत्येक व्हर्जन साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं, मग बंद.

फाइलमध्ये आकडेच नसतील तर? तर कोडची तारीख बघा. ३.९ पासून पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरमध्ये येतं: ३.१० आलं ते २०२१ मध्ये, ३.११ २०२२ मध्ये, ३.१२ २०२३ मध्ये, ३.१३ २०२४ मध्ये. कोड ज्या महिन्यातला असेल त्याच्या साधारण वर्षभर आधी आलेलं पायथन धरा. लायब्ररीवाल्यांना नवं पायथन आल्यावर व्हील बनवायला वेळ लागतो, टेन्सरफ्लोने ३.१२ ची सोय २.१६ मध्ये केली, ते आलं मार्च २०२४ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी. नवा प्रोजेक्ट कोऱ्या पाटीने सुरू करतानाही मी म्हणूनच सगळ्यात ताजं पायथन घेत नाही, एक पायरी मागचं घेतो.

ते पायथन शेजारी बसवा

असलेलं पायथन काढू नका. ३.१० त्याच्या शेजारी बसवायचं.

पायथनच्या साइटवर गेल्यावर एक खाच आहे. ३.१० च्या यादीत सगळ्यात वरचं व्हर्जन उघडलं तर विंडोजचा इन्स्टॉलर सापडत नाही, फक्त मूळ कोड दिसतो. जुन्या व्हर्जनला ठरावीक काळानंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात आणि तेव्हापासून तयार इन्स्टॉलर देणं बंद होतं. इन्स्टॉलर असलेलं शेवटचं ३.१० म्हणजे ३.१०.११, एप्रिल २०२३ चं. ३.११ साठी ते ३.११.९ आहे, ३.१२ साठी ३.१२.१०. थेट तेच शोधा. इन्स्टॉल करताना "ॲड टू पाथ" वर टिक करू नका, म्हणजे नेहमीचं पायथन जसंच्या तसं राहतं.

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा:

पाय -३.१० -एम व्हेन्व एनव्ही३१०

"व्हेन्व" म्हणजे व्ही, ई, एन, व्ही. शेवटचा शब्द फोल्डरचं नाव आहे, काहीही देता येतं. मी त्यात पायथनचा आकडा घालतो. सहा महिन्यांनी तोच फोल्डर उघडला की आठवावं लागत नाही. हे झालं या प्रोजेक्टचं स्वतःचं घर, आता ते चालू करा:

एनव्ही३१०\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

ओळीच्या सुरुवातीला कंसात एनव्ही३१० दिसायला लागलं की तुम्ही आत आहात. पॉवरशेलमध्ये "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड" असा एरर आला तर साधं कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तीच कमांड तिथे द्या. आत गेल्यावर परत एकदा "पायथन --व्हर्जन". ३.१० दिसलं? मग पुढे:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप
पायथन -एम पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी=:ऑल: -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

दुसऱ्या कमांडमधला "ओन्ली-बायनरी" हा भाग फारसं कुणी सांगत नाही, पण नव्या माणसाला त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही. तो पिपला बजावतो की तयार व्हील असेल तरच घे, स्वतः कंपाइल करायला बसू नकोस. म्हणजे दुसऱ्या तऱ्हेची ती पानंच्या पानं येतच नाहीत. जुळत नसेल तर पहिल्याच मिनिटाला, एका ओळीत, कोणत्या लायब्ररीचं अडलंय ते कळतं. डीलिबसारखी एखादी असेल तर तेवढी वेगळी, या अटीशिवाय टाका.

व्हीएस कोड वापरत असाल तर खाली उजवीकडे पायथनचा आकडा दिसतो. त्यावर क्लिक करून एनव्ही३१० मधलं पायथन निवडा. हे राहून जातं, आणि मग सगळं टाकूनही "नो मॉड्यूल नेम्ड" येत राहतं.

इन्स्टॉल झालं, पण चालत नाही

आता ती तिसरी तऱ्हा. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली जुनी लायब्ररी कुठेही इन्स्टॉल होते, कारण पिपला आडवं येणारं काही नसतं. पण आतून ती पायथनची एखादी अशी गोष्ट मागते जी आता तिथे नाही. "नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स" आलं तर समजा पायथन ३.१२ किंवा पुढचं आहे. तिथून ते काढलंय. सेटअपटूल्स टाकलं की बहुतेकदा काम भागतं. "इम्प" नाही म्हणाला तर तेही ३.१२ मध्ये गेलं. "सीजीआय" किंवा "ऑडिओऑप" नाही म्हणाला तर ३.१३. कलेक्शन्समधून मॅपिंग मिळत नाही म्हणाला तर ३.१०. या प्रत्येक ठिकाणी आधी त्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आहे का बघा. असेल तर तेच घ्या. नसेल, आणि लायब्ररीला दोन-तीन वर्षांत कुणी हात लावलेला नसेल, तर एका पायरीने जुनं पायथन घ्या आणि जमेल तेव्हा ती लायब्ररी सोडा.

नमपायचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पायथन बरोबर असूनही मोडतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं. नमपाय १ समोर ठेवून कंपाइल झालेल्या लायब्ररी नमपाय २ बरोबर चालत नाहीत, आणि एररमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं येतं. जुन्या टेन्सरफ्लोची अट "नमपाय १.२० किंवा पुढचं" अशी आहे. तुम्ही आकडा दिला नाहीत तर पिप सरळ २ आणून बसवतो. उपाय एका ओळीचा: पिप इन्स्टॉल "नमपाय<२". अवतरण चिन्हं टाकाच, नाहीतर टर्मिनल त्या < चा भलताच अर्थ घेतं.

भाचीचंही पहिल्या दिवशी सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी तिने ओपनसीव्ही अपग्रेड केलं, नव्या ओपनसीव्हीने नमपाय २ मागितलं, पिपने ते दिलं आणि टेन्सरफ्लो झोपलं. अशा वेळी "पायथन -एम पिप चेक" ही कमांड द्या. कुणाचं कुणाशी पटत नाहीये ते ओळीओळीने सांगते. आणि चालत्या प्रोजेक्टमध्ये मन झालं म्हणून अपग्रेड करू नका.

"नमपाय हॅज नो ॲट्रिब्यूट इन्ट" हा एरर वेगळा. एनपी.इन्ट, एनपी.फ्लोट ही नावं नमपाय १.२४ पासून गेली. कोड तुमचा असेल तर तिथे साधं इन्ट आणि फ्लोट लिहा, त्यासाठी व्हर्जन मागे नेऊ नका.

लिनक्स, मॅक आणि युव्ही

लिनक्सवर सिस्टिमचं पायथन बदलू नका. मी एकदा पायथन३ हे नाव दुसऱ्या व्हर्जनकडे वळवलं आणि टर्मिनलची खिडकीच उघडेना, कारण ती स्वतः त्या पायथनवर चालत होती. अर्धा दिवस गेला. आता "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असा एरर येतो तो याच धोक्यापासून वाचवायला. त्याला डावलायचा पर्याय एररमध्येच सुचवलेला असतो, तो घेऊ नका, व्हेन्व बनवा.

लिनक्स आणि मॅकवर, आणि खरं तर विंडोजवरही, मी आता युव्ही वापरतो, पिप आणि व्हेन्व या दोघांचं काम करणारं साधन. "युव्ही व्हेन्व --पायथन ३.१०" म्हटलं की ते पायथन मशीनवर नसेल तर युव्ही स्वतः उतरवतं. मग "युव्ही पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी". तरीही पहिल्या वेळी वरचा लांबचा रस्ता एकदा हाताने करून बघा, म्हणजे युव्ही कुठे अडलं तर का अडलं ते कळेल.

चाललं की लगेच लिहून ठेवा

प्रोग्राम नीट चालला की त्याच क्षणी:

पायथन -एम पिप फ्रीझ > चालू-व्हर्जन.टीएक्सटी

जुनी फाइल पुसली जाऊ नये म्हणून नाव वेगळं. पण या फाइलमध्ये सगळ्या लायब्ररींचे आकडे असतात आणि पायथनचा आकडा नसतो. सीनियरने फाइल नेटकी दिली होती, बहुतेक आकड्यांसकट, तरी भाची अडली ती या एका आकड्यावर. म्हणून प्रोजेक्टच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये हाताने एक ओळ लिहा: पायथन ३.१०.११, ६४ बिट, विंडोज ११. एनव्ही३१० हा फोल्डर मात्र पेनड्राइव्हवरून किंवा गिटवरून कुणाला देऊ नका. त्यात तुमच्या मशीनचे पत्ते असतात, दुसरीकडे तो चालत नाही. ज्याला कोड द्याल त्याला ही एक ओळ आणि ती फाइल द्या. फोल्डर तो पाच मिनिटांत स्वतः बनवेल.